पाहणाराचे दायित्व

गेल्या कार्तिकात आम्ही सहकुटुंब त्र्यंबकेश्वरास गेलो होतो. कुशावर्तावरील स्नान व देवदर्शन आटोपून ब्रह्मगिरी चढलो आणि माथ्यावर क्षणभर विसावलो, तोच खालच्या खोऱ्यावरून सैन्याचे एक लहानसे हेलिकॉप्टर संथपणे निघून गेले. बरोबर आमचा पुतण्या होता. त्याने विचारले, “काका, ह्याला ना तोफ ना बाँब, मग हे लढते तरी कशाने?” आम्ही म्हणालो, “डोळ्यांनी!” उत्तर चटकदार होते, परंतु डोंगर उतरता उतरता ते आमचे आम्हांसच अपुरे वाटू लागले.

ब्रह्मगिरी हाच जुना त्र्यंबकगड. इ. स. १८१८ च्या एप्रिलात कंपनीच्या फौजेने तोफांच्या बळावर तो घेतला. त्या काळी गोलंदाजास आपले लक्ष्य बहुधा स्वतःच्या डोळ्यांनी दिसत असे. पुढे तोफांचा पल्ला कित्येक कोसांचा झाला, त्या टेकड्यांच्या आड जाऊन बसल्या, आणि ज्याच्या हातून गोळा सुटतो त्यास तो कोठे पडतो हे दिसेनासे झाले. म्हणून दुसऱ्या कोणाचे तरी डोळे हवे झाले. फ्रेंचांनी १७९४ साली फ्लरूसच्या लढाईत दोराने बांधलेल्या फुग्यातून शत्रूची हालचाल न्याहाळली होती. पहिल्या महायुद्धात विमानातून बिनतारी यंत्राने तोफांस इशारे जाऊ लागले. तथापि उड्डाण जाणणारा तोफेचे शास्त्र जाणत असेच असे नाही. ह्यावर तोड म्हणून १९४१ साली इंग्लंडात ६५१ क्रमांकाचे हवाई निरीक्षण पथक उभे राहिले. त्यातील वैमानिक हे तोफखान्याचेच अधिकारी होते. त्यांच्या ऑस्टर विमानास ना शस्त्र होते ना चिलखत. एखाद्या शेताएवढी मोकळी जागा त्यास उतरावयास पुरे होई.

ह्या निरीक्षकाचे काम कसे चालते, हे ध्यानी घेण्याजोगे आहे. तो नकाशावरील स्थळ कळवितो. एक गोळा सुटतो. तो लक्ष्याच्या पलीकडे पडला तर पुढचा अलीकडे टाकावयास सांगतो. मग दोहोंतील अंतर निम्मे, पुन्हा निम्मे करीत जातो. नेम साधला की सर्व तोफांस एकदम हुकूम सुटतो. ह्या अवधीत त्याने गोळ्यावरून दृष्टी काढता कामा नये.

ब्रह्मदेशात चौदाव्या सैन्याबरोबर ६५६ वे पथक होते. नॉर्मंडीत लढलेले ६५९ वे पथक युद्धानंतर हिंदुस्थानात आले आणि ऑगस्ट १९४७ मध्ये लाहोर येथे विसर्जित झाले. देशाची फाळणी झाली तशी त्याचीही झाली; एकाच पथकाच्या वारशातून दोन शेजारी राष्ट्रांच्या सैन्यांचे डोळे निर्माण झाले. आमच्याकडील पहिल्या वैमानिकांत कॅप्टन बुटालिया ह्यांचे नाव घेतले जाते. वर्ष संपण्यापूर्वीच काश्मिरात युद्ध पेटले, आणि ही चिमुकली विमाने तेथे कामास लागली. पुढे ऑस्टरच्या जागी देशात बनलेले ‘कृषक’ विमान आले, त्यानंतर ‘चीता’ हेलिकॉप्टर आले. १ नोव्हेंबर १९८६ रोजी सैन्याचे स्वतंत्र हवाई दल स्थापन झाले. तोफखान्याची शाळा देवळालीस, आणि ह्या दलाच्या वैमानिकांची शाळा २००३ पासून नाशिक रोडजवळ. तेव्हा ब्रह्मगिरीवरून आम्ही पाहिलेला पाहुणा वस्तुतः शेजारीच म्हणावयाचा.

आता प्रश्न असा की, गोळा ज्याला लागला त्याच्या मरणाचा कर्ता कोण? गोलंदाज म्हणेल, “मला काही दिसले नाही.” निरीक्षक म्हणेल, “मी तोफेस हात लावला नाही. जे दिसले ते कळविले.” दोघांचेही म्हणणे अक्षरशः खरे आहे, आणि तरीही मनुष्य मेला आहे. आपल्या उपनिषदांत एका झाडावरील दोन पक्ष्यांचा दृष्टान्त आहे: एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो. निरीक्षकास ह्या दुसऱ्या पक्ष्याच्या पंक्तीस बसविण्याचा मोह कोणासही होईल. परंतु तो पक्षी बोलत नाही! पाहणाराने तोंड उघडले, की त्याचे साक्षित्व संपले. त्याचा शब्द हीच त्याची तोफ होय.

हे आम्ही परक्यांविषयी लिहीत नाही. अनेक वर्षांपूर्वी एका परीक्षेत आम्ही पर्यवेक्षक होतो. एका विद्यार्थ्याच्या बाकाखाली आम्हांस चिटोरा दिसला. नियमाप्रमाणे आम्ही तसे लिहून दिले. त्याला दोन वर्षे परीक्षेस बसण्याची बंदी झाली, आणि तो शिक्षण सोडून गेला. चिटोरा त्याचाच होता की मागच्या बाकावरून आला होता, हे आम्ही पाहिले नव्हते. चौकशीत ते कोणी विचारले नाही, आणि आम्हीही आपण होऊन सांगितले नाही. “दिसले ते कळविले” ह्या वाक्यावर आम्ही पुढे कित्येक वर्षे सुखाने झोपलो.

कोणी म्हणेल, मग पाहणे आणि सांगणे सोडून द्यावे काय? मुळीच नाही. निरीक्षक नसला म्हणून तोफा मुक्या होत नाहीत; त्या आंधळेपणाने नकाशावर मारा करीत राहतात. ज्यास शत्रूचा तळ समजलो ते खेडे आहे, हे दिसण्याची व “मारा थांबवा” असे म्हणण्याची संधी असते ती त्या पाहणारासच. गोलंदाजास ती नाही, आणि नकाशापुढे बसलेल्या सेनापतीसही नाही. म्हणून त्याचे दायित्व इतरांहून कमी नव्हे, अधिकच आहे. आणि त्याची थोरवीही तेथेच आहे.

आमचा अपराध चिटोरा पाहिल्याचा नव्हता, सांगितल्याचाही नव्हता. शब्द सुटल्यावर आम्ही तोंड फिरविले, तो कोठे जाऊन पडला हे पाहिले नाही, हा तो अपराध. त्या निःशस्त्र विमानातील माणसास त्याची विद्या निदान एवढे तरी शिकविते, की पहिला गोळा सुटला म्हणजे काम संपले नाही. नजर खाली ठेवावयाची, चूक दिसताच बोलावयाचे. आम्ही जे लिहितो, साक्ष देतो, शेजाऱ्याविषयी चारचौघांत मत सांगतो, त्या आम्हांसही ह्याहून निराळा धर्म नाही.

पुतण्याने पुन्हा विचारले तर आम्ही आता म्हणू, “बाळ, ते शब्दांनी लढते, आणि डोळे असतात ते तो शब्द वेळीच परत घेता यावा म्हणून.”