ठेक्याची आठवण

लयीचे माप यांत्रिक घड्याळाहून जुने आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त मात्रेचा काळ सांगितला तो पाच लघू अक्षरे उच्चारायला लागतो तेवढा, म्हणजे मोजपट्टी माणसाच्याच जिभेवर. पुढे आपल्याकडे संगीताची शास्त्रीय मोजदाद सुरू झाली ती सुरांपासून. सांगलीकडच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली श्रुतींचे गणित मांडले, तर १९२० साली भौतिकशास्त्रज्ञ रामन यांनी मृदंग-तबल्याच्या कातड्यातून सुरेल नाद कसा निघतो ते दाखवले. दोन ठोक्यांमधला काळ मात्र कानावरच सोपवलेला राहिला. मेट्रोनोम आणि इलेक्ट्रॉनिक तबला रियाजाच्या खोलीत आल्यावर तर एक समजूत घट्ट झाली, की खरी लय यंत्राची आणि माणूस वाजवतो ती तिची जराशी चुकलेली नक्कल. मोजणी सूक्ष्म होत गेली तशी हीच समजूत ढासळत गेली.

आरंभी मोजणाऱ्यांचीही समजूत तीच होती. १९७३ साली विंग आणि क्रिस्टोफरसन यांनी बोटाने ठोके देणाऱ्या माणसाचे गणित मांडले: आत एक घड्याळ, त्याचा हुकूम पोचायला हाताला लागणारा विलंब, आणि दोन्हींत निव्वळ योगायोगाची गडबड. हात उशिरा पडला तर आधीचे अंतर लांबते, पुढचे तेवढेच आखडते, आणि तिथे हिशेब मिटतो. हे मांडणीला सुटसुटीत होते आणि शेजारच्या दोन ठोक्यांपुरते खरेही. पण १९७५ साली व्हॉस आणि क्लार्क यांना संगीतातल्या आवाजाच्या व स्वराच्या चढउतारांत एक निराळाच आकृतिबंध दिसला. त्याला ‘वन बाय एफ’ म्हणतात. बदल जितका संथ, तितका त्याचा जोर अधिक. त्यामुळे आताच्या हेलकाव्याची छाया बऱ्याच पुढेपर्यंत पडत राहते. १९९५ साली गिल्डन आणि सहकाऱ्यांनी माणसांना एकच कालावधी पुन्हापुन्हा मोजायला लावला, तेव्हा त्या आतल्या घड्याळाच्या चुकांतही हाच आकृतिबंध निघाला. लयीतल्या चुकीला स्मरण असते, ही कल्पना इथून रुजली.

२०११ साली जर्मनीत होल्गर हेनिग आणि सहकाऱ्यांनी घानाच्या एका व्यावसायिक ढोलवादकाला कानात मेट्रोनोम लावून वाजवायला सांगितले. ठोक्याचे मेट्रोनोमपासूनचे असले विचलन साधारण दहा-वीस मिलिसेकंदांचे असते, पण ते सुटे सुटे नव्हते. एका ठोक्याचे मागेपुढे होणे कितीतरी नंतरच्या ठोक्यांत शोधता येत होते. ऐकणाऱ्यांनीही सैरभैर चुकांपेक्षा अशा स्मरणाच्या चुका पसंत केल्या. यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की हा आकृतिबंध हृदयाच्या ठोक्यांतही सापडतो. मग संगीताबद्दल त्याने काय कळले? उत्तर असे, की संगीताला ही मिरासदारी मागायचीच नाही. हात आणि कान जिवंत देहाचे आहेत, एवढेच त्यातून ठरते. आणि योगायोगाच्या गडबडीचा सिद्धांत मोडायला तेवढे पुरते. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. २०१३ साली डेव्हिस आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात छोट्या ठेक्यांमध्ये मुद्दाम घातलेल्या विचलनांनी डोलायला लावणारी गोडी उलट कमी झाली. तेव्हा ‘चुकीतच गोडी’ हे गोंडस विधान टाकून द्यावे, हेच बरे. बाहेरून घातलेली चूक आणि वाजवताना उमटलेली चूक एक नव्हेत, हेही त्याच प्रयोगाच्या बाजूला मांडून ठेवावे.

माझ्या मते खरी अडचण निराळीच आहे: मेट्रोनोम लावून मोजले की लय आणि घड्याळ यांचेच नाते मोजले जाते. रत्नागिरीकडच्या जाखडी नाचात घड्याळ कुठे असते? मध्ये गाणारे, ढोलकी-मृदंग आणि झांज, भोवती पायात चाळ बांधून फिरणारे नाचे. गाणारा ढोलकीकडे कान देतो, ढोलकीवाला पायांकडे पाहतो, पाय गाण्यावर पडतात. सगळेच एकमेकांचे मेट्रोनोम. २०१४ साली हेनिग यांनीच दोघांना एकत्र वाजवायला लावले, तेव्हा एकाचा ठोका स्वतःच्याच नव्हे तर जोडीदाराच्याही बऱ्याच मागच्या ठोक्यांशी गुंतलेला दिसला. मार्टिन क्लेटन यांनी २००७ साली आपल्याकडच्या मैफलीच्या चित्रफिती तपासल्या. तंबोरा छेडणाऱ्यांनी तालाशी जुळावे अशी अपेक्षा नसते, तरीही त्यांचे हात नकळत एकमेकांशी जुळताना आढळले. म्हणजे स्मरण एका डोक्यापुरते नसून मेळातही आहे.

यात भौतिकशास्त्राची एक साधी गोष्ट सहसा विसरली जाते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. सहा मीटर रुंद रिंगणाच्या या टोकाचा चाळ त्या टोकाला ऐकू यायला सतराएक मिलिसेकंद लागतात, म्हणजे घानाच्या वादकाकडे ज्याला विचलन म्हटले जवळजवळ तेवढेच. शिमग्यात पालखीमागे ढोल तीस मीटरवर असला तर ही तफावत नव्वद मिलिसेकंदांच्या आसपास जाते. अशा गर्दीत ठोका बरोबर पडण्याचा एकच सार्वत्रिक क्षण नसतो. प्रत्येकाच्या कानाचा क्षण वेगळा. म्हणून जाखडी मोजायची तर कानात टिकटिक नको. प्रत्येक वाद्याला आणि निदान काही नाच्यांच्या चाळांना वेगळा मायक्रोफोन हवा, आणि त्यांच्यातली अंतरेही नोंदलेली हवीत. शिवाय या मोजणीच्या रूढ रीतीत लयीचा सावकाश चढ आधी वजा करतात आणि उरलेल्या चुका तपासतात. जाखडीत लय चढवणे हेच तर गाणाऱ्याचे कसब. ते वजा करण्याआधी चाल जिथे बदलते तिथे मालिका तोडावी आणि चढ किती हे स्वतंत्र नोंदवावे. मग उरलेल्या मिलिसेकंदांत कोणाची आठवण कोणाच्या हातात उतरते ते पाहता येईल.