मागून धडकला म्हणजे चुकला?

रात्रीच्या महामार्गावर बिघडलेला ट्रक उभा असतो. मागचे दिवे बंद, रेडियमची पट्टी चिखलाने माखलेली, इशारा म्हणून डांबरावर मांडलेले चार दगड आणि झाडाची फांदी. मागून येणाऱ्या मोटारीचे बॉनेट फाळक्याखाली शिरते आणि हौद्याची लोखंडी कड थेट काचेवर, म्हणजे माणसांच्या डोक्यावर येते. धक्का पचवण्यासाठी बनवलेला मोटारीचा पुढचा भाग या आघाताला सामोराच जात नाही. मग भरपाईच्या दाव्यात ट्रकच्या विमा कंपनीचा बचाव ठरलेला असतो: मागून धडकला, चूक त्याचीच.

पुढच्या वाहनापासून पुरेसे अंतर ठेवण्याचा नियम आहे, यात वाद नाही. पुढे चालणाऱ्या ट्रकला मागून धडकलेल्या मोटारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये याच नियमावर बोट ठेवले. पण चालता ट्रक आणि रस्त्यात सोडून दिलेला ट्रक यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्याच वर्षी त्याच न्यायालयासमोर पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयातून आलेले प्रकरण होते. गॅसचा टँकर दिवे न लावता रस्त्याच्या मधोमध उभा होता आणि समोरून येणाऱ्या गाड्यांच्या प्रकाशझोतात मोटारचालकाला तो दिसला नाही. उच्च न्यायालयाने दोष निम्मा-निम्मा वाटला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो सगळा टँकरचालकावर टाकला. धोका होईल अशा जागी वाहन उभे करू नये, असे मोटार वाहन कायद्याचे कलम 122 सांगते. ते मोडणाऱ्याचा दोष केवळ तो स्थिर होता म्हणून अर्धा होत नाही.

या अर्ध्याची किंमत घरातल्यांना मोजावी लागते. बत्तीस वर्षांचा, महिन्याला 20,000 रुपये मिळवणारा रिक्षावाला गेला असे धरू. मागे पत्नी, दोन मुले, आई. भरपाई काढताना उत्पन्नात भविष्यातल्या वाढीपोटी 40 टक्के मिळवायचे, त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा करायचा आणि वर्षाच्या रकमेला वयानुसार 16 ने गुणायचे. 40 लाख 32 हजार होतात. ‘सहभागी निष्काळजीपणा’ हे दोन शब्द निकालपत्रात आले की त्यातले निम्मे जातात. दोष न पाहता कलम 164 खाली मृत्यूसाठी मिळणारे 5 लाख हा आधार आहे, पण त्यात मुलांची शिक्षणे होत नाहीत.

मागच्या सीटवर झोपलेल्या प्रवाशाचे काय? त्याने ना स्टिअरिंग धरले, ना ब्रेक दाबला. तरीही चालकाचा हिस्सा त्याच्या भरपाईतून कापला जात असे. कर्नाटकातल्या एका ट्रेलर-अपघातात सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये हे चुकीचे ठरवले: चालकाचा दोष प्रवाशांच्या माथी मारता येत नाही. दोन वाहनचालकांच्या चुकीतून इजा झालेला प्रवासी दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम वसूल करू शकतो, हे तत्त्व त्याआधी, 2015 मध्येच, स्पष्ट झाले होते. तरी खालच्या पायरीवर ते पुन्हा पुन्हा सांगावे लागते, याचा मला संताप येतो.

मला सगळ्यात जास्त खटकते ती वेगळीच गोष्ट. माझ्या वाचनातल्या निकालांत चर्चा दिव्यांची, अंतराची, वेगाची असते. ट्रकच्या मागे खाली असणाऱ्या आडव्या लोखंडी पट्टीची जवळजवळ नसते. मोटार हौद्याखाली शिरू नये म्हणूनच ती असते. आपल्या मानकानुसार, रिकाम्या ट्रकवर तिची खालची कड जमिनीपासून 55 सेंटिमीटरपेक्षा वर नसावी. ती गंजून तुटलेली, वर वळवलेली किंवा काढूनच टाकलेली असेल, तर मोटारचालक धडकला कसा, एवढे विचारून भागत नाही. जी धडक हातपाय मोडून थांबली असती, ती जिवावर का गेली, हेही विचारायला हवे. आणि या प्रश्नाचे उत्तर ट्रकमालकाने द्यायचे आहे.

दावा न्यायाधिकरणात फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, शक्यतेचे पारडे कुठे झुकते एवढेच पाहतात. त्या पारड्यात टाकायला मात्र काहीतरी हवे, आणि ते पहिल्या काही तासांतच मिळते. क्रेन आली, ट्रक ओढून नेला, मालकाने गॅरेजात नवी पट्टी जोडून घेतली की पुरावा संपला. म्हणून घटनास्थळाच्या पंचनाम्यात टायरच्या खुणांबरोबर पट्टीची उंची टेप लावून लिहिली जावी, रेडियम पुसून पाहावे, दिव्यांचे बटण चालू होते की बंद याची नोंद व्हावी. नातेवाईक त्या वेळी इस्पितळात असतात, म्हणून हे काम पोलिसांचेच आहे.