मशीन विकलं कुणी?

नाईलच्या त्रिभुज प्रदेशात, मित गम्रच्या आसपासच्या एका गावात एक शिंपी राहत असे. मित गम्र म्हणजे तेच गाव, जिथे 1963 साली अहमद अल-नज्जार यांनी जर्मनीतल्या बचत बँकांच्या धर्तीवर बिनव्याजी बँक काढली. ती 1967 पर्यंतच चालली, पण आजच्या इस्लामी बँकिंगचा उगम बरेचजण तिथेच मानतात. शिंप्याच्या बापाचं तिथे खातं होतं. त्यामुळे अशा बँकांवर शिंप्याचा जीव.

जुनं पायमशीन कुरकुरू लागलं, तेव्हा विजेवरचं नवं घ्यावं असं त्याच्या मनात आलं. व्याजाचं कर्ज नको, म्हणून तो गावातल्या इस्लामी बँकेत गेला. शाखा चकचकीत होती. भिंतीवर सोनेरी अक्षरांत कुराणातली आयत लिहिलेली. कारकुनाने कागद पुढे सरकवले. व्यवहार मुराबहाचा. यात बँक पैसे उसने देत नाही. वस्तू आधी स्वतः विकत घेते, ताब्यात घेते आणि मग नफा चढवून गिऱ्हाइकाला हप्त्यांनी विकते. मूळ किंमत किती आणि नफा किती, हे गिऱ्हाइकाला कळल्याशिवाय मुराबहा होतच नाही.

“तुम्हाला मशीन केवढ्याला पडलं?” शिंप्याने विचारलं.

“महिना 1,150 पौंड, बारा हप्ते.”

“ते समजलं. तुम्हाला केवढ्याला पडलं?”

“हाजी, सगळं शरियतीप्रमाणे आहे. आमच्या शेखांनी मंजूर केलंय. शंका कशाला काढता? इथे सही करा.”

मागे रांग वाढत होती. शिंप्याने सही केली. आकडे कागदावर होते, तिसऱ्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत: खरेदी 12,000, नफा 1,800. लपवलेलं काहीच नव्हतं, फक्त सांगायची कुणाला गरज वाटली नव्हती.

मशीन आलं तेव्हा ईद तोंडावर होती आणि शिवायच्या गलाबियांचा, म्हणजे लांब झग्यांचा, ढीग पडलेला. पहिल्याच दिवशी टाके सुटू लागले. वरचा धागा कितीही ताणला तरी खालचा सैलच. बगलेची शिवण जरा ओढली की उसवायची. तो बँकेत गेला.

“दुकानदाराकडे जा,” कारकून म्हणाला.

दुकानदाराने पावती दाखवली. “मी बँकेला विकलंय. हे बघा, नाव बँकेचं.”

शिंपी पुन्हा बँकेत. “मग मला मशीन विकलं कुणी?”

“आम्ही बँक आहोत हाजी, मशीनचं दुकान नाही.”

कारकून नुसता उद्धट होता असं नाही, तो धंदाच विसरला होता. मुराबहात बँक विक्रेती असते. हाती दिलेल्या मालात आधीपासूनचा दोष निघाला तर निस्तरायचा तिनेच, आणि तिचा नफा हलाल ठरतो तो ही जोखीम घेतल्यामुळेच. ती झटकली की उरतं ते व्याजच, फक्त नाव बदललेलं. ओथमान आणि ओवेन या अभ्यासकांनी 2001 साली कुवेत फायनान्स हाऊसचा अभ्यास करून इस्लामी बँकांची सेवा जोखायला सहा कसोट्या मांडल्या. शरियतीचं पालन ही त्यांतली एक. भरवसा, चोखपणा, तत्परता, आपुलकी आणि शाखेचा नीटनेटकेपणा या उरलेल्या पाच. आमच्या कारकुनाने त्या एकीच्या जोरावर बाकीच्यांना सुट्टी दिली होती. शेवटी त्या एकीतही तो नापासच.

शिंपी भांडला नाही. पदरचे पैसे घालून मशीन दुरुस्त करून घेतलं, बाराही हप्ते वेळेवर भरले आणि शेवटचा हप्ता भरला त्याच दिवशी खातं बंद करायचा अर्ज दिला.

व्यवस्थापक चक्रावला. इतकं चोख गिऱ्हाईक! त्याने आत बोलावून चहा मागवला. “हाजी, जाणार कुठे? समोरची बँक तर व्याजवाली.”

“तिकडे नाही जाणार. पैसे घरात ठेवीन. साहेब, व्याज नाही म्हणून मी तुमच्या दारात आलो. पण माणूस टिकतो तो तुमच्या वागण्यावर. माझ्या प्रश्नाला उत्तर देऊ नका, असं कुठल्या शेखाने सांगितलं होतं?”

व्यवस्थापकाने ते मनावर घेतलं. त्या शाखेत आता खरेदीची किंमत आणि नफा पहिल्याच पानावर ठळक छापतात, सही घेण्याआधी वाचून दाखवतात आणि सदोष माल बँकच बदलून देते. शिंप्याने मात्र पुन्हा खातं उघडलं नाही.