पदकाचं नंतर बघू

मेहकर

चि. मुक्ता,


लोणारच्या विवरावर पीएच.डी. करायचं ठरवलंस, बरं वाटलं. पण पहिल्याच पत्रात पदकांची चौकशी! पोरी, पदकं काम झाल्यावर मिळतात. काम सुरू करायला पैसा कुठून आणायचा, ते आधी बघ.

उल्कांच्या अभ्यासकांची 'मीटिऑरिटिकल सोसायटी' १९३३ पासून आहे. आघाती विवरांवरच्या कामासाठी ती बॅरिंजर पदक देते. पहिलं १९८४ मध्ये यूजीन शूमेकरांना मिळालं. ज्यांच्या नावाचं हे पदक, ते डॅनियल बॅरिंजर खाणवाले. ॲरिझोनातला खड्डा उल्केनेच पडला असेल तर लोखंड खाली असणारच, म्हणून वर्षानुवर्षं खणत राहिले. लोखंडाचा गोळा काही सापडला नाही, कारण बरीचशी उल्का आदळतानाच वाफ होऊन गेली होती. पैसा गेला, पण खड्डा उल्केचाच हे म्हणणं खरं ठरलं. मला विचारशील तर पदकापेक्षा त्या घराण्याचा 'बॅरिंजर फॅमिली फंड' मोठा. त्यातून विवरांवर काम करणाऱ्या जगभरच्या विद्यार्थ्यांना अडीच ते पाच हजार डॉलर मिळत आले आहेत. एवढ्यात प्रयोगशाळा होत नाही, पण जीपचं भाडं आणि खडकाच्या कापांचा खर्च निघतो.

त्या कापांना कमी लेखू नकोस. लोणार ज्वालामुखीचं की उल्केचं, हा जुना वाद १९७३ मध्ये फ्रेड्रिकसन, दुबे वगैरे मंडळींनी मिटवला, तो मॅस्केलिनाइट दाखवून. आघाताने बसाल्टातल्या फेल्डस्पारची काच होते, आकार मात्र स्फटिकाचाच राहतो, ते मॅस्केलिनाइट. ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप दोन ध्रुवकांमध्ये ठेवून फिरव. साधं फेल्डस्पार उजळतं, मावळतं. हे काळं ते काळंच. वयाचं कोडं तर अजून आहेच: एका पद्धतीने पन्नास हजार वर्षांच्या आसपास, दुसरीने पावणेसहा लाख! अर्जाला विषय शोधत बसायला नको.

पुण्यालाही जाऊन ये. आघारकरांनी १९४६ मध्ये उभी केलेली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही अशीच विद्वानांची संस्था; तिने प्रयोगशाळाच काढली. २०२० मध्ये लोणारचं तळं गुलाबी झालं, तेव्हा पाणी तिथल्याच आघारकर संशोधन संस्थेत तपासलं आणि खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव सापडले.

अर्ज भरण्याआधी वनखात्याची लेखी परवानगी काढ. लोणार अभयारण्य आहे, खडा उचलायचा तरी कागद लागतो. आणि मुक्कामाचा खर्च अर्जात धरू नकोस, मामी रागावेल.

तुझा,
मामा