शिधा आणि चूल

‘झाडाला साडेअठ्ठ्याण्णव टक्के अन्न हवा, पाणी आणि उन्हातून मिळतं; जमिनीतून जेमतेम दीड टक्का. मग खतावर पैसा कशाला घालायचा?’ नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांनी रुजवलेला हा हिशेब शेतीच्या चर्चेत आता सुभाषितासारखा फेकला जातो. हिंगोलीसारख्या हळदीच्या जिल्ह्यात तो ऐकला की मला राहवत नाही. त्याचा पहिला भाग खरा आहे, म्हणूनच.

‘खत हेच पिकाचं खाद्य’ म्हणणाऱ्यांना शास्त्रज्ञ व्हॅन हेल्माँटच्या 1648 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगानेच उत्तर देऊन ठेवलंय. पाच वर्षांत त्याचं विलोचं झाड 164 पौंडांनी वाढलं, कुंडीतली माती दोन औंसांनी घटली. (सगळं पाण्यातून आलं, हा त्याचा निष्कर्ष मात्र चुकला, हवा त्याच्या ध्यानातच आली नाही.)

प्रश्न त्या दीड टक्क्याचा. 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या वसमतच्या हळदीचंच बघा. हळकुंडातला स्टार्च आणि त्याला पिवळा करणारा कर्क्युमिन, दोन्हींत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनखेरीज काही नाही. या दोन्हींत नत्राचा, पालाशाचा एक कणही नाही. म्हणजे हिशेब जिंकला? पण ते घडवणाऱ्या हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत मधोमध मॅग्नेशियमचा अणू आणि भोवती नत्राचे चार अणू असतात. हवेतला कार्बन पकडणारं रुबिस्को हे विकर म्हणजे प्रथिन, म्हणजे पुन्हा नत्र. ज्या रंध्रांतून हवा पानात शिरते ती उघडतात पालाशाच्या जोरावर. साडेअठ्ठ्याण्णव टक्के आत येतात ते त्या दीड टक्क्याने उघडलेल्या दारातून.

आपण दोन गोष्टींची गल्लत करतो: शिधा आणि चूल. कार्बन आणि पाणी हा शिधा, त्याचाच पदार्थ होतो. नत्र, पालाश, मॅग्नेशियम ही चूल. भाकरीत चुलीची माती नसते, म्हणून चूल मोडून टाका असं कोणी म्हणत नाही. खतवाला चुलीलाच शिधा म्हणतो, आणि त्याला विरोध करणारा शिध्याचं वजन करून चूल फुकटात काढतो. वजनावरच महत्त्व ठरवायचं तर हवेत कर्बवायू आहे तरी किती? सुमारे 0.04 टक्के. तोही सोडून द्यायचा का?

यावर उत्तर येतं की शेण-गोमूत्राच्या जीवामृतातले जिवाणू जमिनीतलं सगळं उपलब्ध करून देतात. देतात, काही अंशी. रासायनिक खताचा बेसुमार मारा मलाही मान्य नाही. पण उपलब्ध करणं म्हणजे निर्माण करणं नव्हे. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात खऱ्या, पण त्याची मजुरी पानांनी केलेल्या साखरेत चुकवावी लागते. हळदीला तशा गाठी नाहीत. आणि पालाश तर हवेत नसतोच, तो कुठला जिवाणू आणणार?

हळदीचा पाला कापून शेतातच टाकला तर तो कुजून आपल्या वाटचा पालाश जमिनीला परत देतो. हळकुंडं मात्र शिजवून, वाळवून, ढोलात घोळून मोंढ्यावर जातात. पोत्यागणिक हळकुंडांच्या पेशींतला पालाशही गावाबाहेर जातो, आणि काट्यावर त्याचं वजन हळदीच्या भावानेच मोजलं जातं.