घाटघरचे पाणी आणि साडेआठची लोकल

शेंडीहून निघालेला रस्ता भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालत मुरशेत, पांजरे, उडदावणे मागे टाकतो आणि घाटघरच्या कोकणकड्याशी येतो. कड्याखाली चोंढे, म्हणजे ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका. वर एक धरण, खाली एक धरण, मध्ये सुमारे चारशे मीटरांची उतरण आणि कातळाच्या पोटात वीजघर. २००८ साली सुरू झालेल्या या २५० मेगावॉटच्या प्रकल्पाचे काम ठरलेले आहे. रात्री विजेची मागणी उतरली की खालचे पाणी पंपाने वर चढवायचे, मागणी चढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. या फेऱ्यात विजेची भर पडत नाही. उलट अशा योजनांत चढवायला लागलेल्या विजेचा साधारण चौथा हिस्सा वाटेतच खर्ची पडतो.

एवढा डोंगर पोखरायचा तो सगळ्यांना एकाच वेळी वीज हवी असते म्हणून.

शहापूर तालुक्यातूनच कसाऱ्याची लोकल जाते. कसारा ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर १२० किलोमीटरांचे, अडीच तासांच्या आसपास. उपनगरातून शहरात येण्याचे हिरवे वाहन कोणते, यावर हल्ली बरीच चर्चा होते. मुंबईकडे ते कधीचेच आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेची गाडी बोरीबंदर ते कुर्ला धावली. अडचण वाहनाची नाही, वेळेची आहे. साडेआठच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते, म्हणून ज्याला परवडते तो दुचाकी किंवा मोटार काढतो, आणि दुपारी त्याच मार्गावर रिकामी बाके धावतात. घाटघरला पाण्याच्या बाबतीत जे करावे लागते, ते इथे माणसांच्या बाबतीत करायला हवे. मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांसाठी साडेनऊ आणि साडेअकरा अशा दोन वेळा सुरू केल्या आणि शहरातल्या इतर संस्थांनाही तसे करण्याचे आवाहन केले. रुळाचा एक तुकडाही न वाढवता गर्दी हलकी करणारा हा उपाय आहे. त्याचे अनुकरण व्हायला हवे होते त्या मानाने फार थोडे झाले.

का झाले नाही, याचे उत्तर वेळापत्रकात सापडत नाही. कामावर जायचे म्हटले की त्या जाण्याचा हिशेब कोणी मागत नाही, म्हणून प्रश्न धर्माचा आहे: कामाचा हेतू शुद्ध असला की तिथवर जाण्याचे पाप-पुण्य उरत नाही काय?

जैन परंपरेने याचे उत्तर फार काटेकोरपणे दिले आहे. साधू वाहनात बसत नाहीत, रात्री चालत नाहीत. पुढची चार हात जमीन निरखत पाऊल टाकतात. या नियमाला ईर्यासमिती म्हणतात. पावसाळ्यात कोंब आणि कीटक पायाखाली येतात म्हणून चार महिने विहार थांबतो. बौद्ध भिक्षूंच्या वर्षावासामागेही अशीच तक्रार होती: भर पावसात हिंडून हे लोक हिरवे गवत आणि बारीक जीव तुडवतात, असे लोक बोलू लागले आणि मग तो नियम आला. धर्मोपदेशाला निघालेल्यालाही सरसकट सूट नव्हती.

गृहस्थाला एवढे जमणार नाही, हे जैन परंपरा जाणते. म्हणून श्रावकासाठी दिग्व्रत आहे: कोणत्या दिशेला किती दूर जायचे, याची जन्मभराची मर्यादा. त्याच्या आत देशव्रत येते. त्यात काही काळापुरती, अगदी दिवसापुरतीही, अधिक आखूड रेघ ओढायची. त्या रेघेपलीकडे आपल्या हातून हिंसा होत नाही, तेवढ्यापुरता गृहस्थही महाव्रती साधूच्या जवळ जातो, असा शास्त्राचा अभिप्राय आहे. मोटार विजेवर चालते की डिझेलवर, याच्या आधीचा हा विचार आहे. आज जायलाच हवे का, आणि याच घटकेला का, हे तो विचारतो.

इथे एक आक्षेप खरा आहे. थांबणे सगळ्यांच्या हातात नसते. पावसाळ्याच्या तोंडावर कसारा भागातल्या आदिवासी बाया पहाटेच्या गाडीच्या मालडब्यात शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात, पुढे करटुली येतात, टाकळा येतो. दुपारी सुकलेला पाला कोण घेणार? इस्पितळातल्या परिचारिकेलाही पाळी बदलता येत नाही. साधूचा चातुर्मास गावाने रांधलेल्या अन्नावर निभतो, तसे शहर या माणसांवर निभते. तेव्हा रेघ ओढायची ती ज्याचे काम टेबलावरचे आहे त्याने. त्याने सोडलेली वेळ पाटीवालीच्या उपयोगी पडेल.

पावसाळा त्यासाठी सोयीचा काळ आहे. ७ जुलै २०२४ ला आटगावजवळ रुळांवर माती आली आणि कसाऱ्याकडच्या लोकल खोळंबल्या. असे दिवस दर पावसाळ्यात येतात, आणि लोक तासन्‌तास फलाटावर अडकतात. पण एकट्या कारकुनाने व्रत घेतले तर त्याच्या वाट्याला लेटमार्क येतो. व्रत आधी कचेरीने घ्यावे: आषाढी ते कार्तिकी, आठवड्यातले दोन दिवस घरून किंवा कल्याणसारख्या जवळच्या शाखेतून काम, उरलेल्या दिवशी साडेअकराच्या पाळीची मुभा. बँका, विमा कंपन्या आणि मंत्रालयातली खाती यांना येत्या आषाढापासून हे सुरू करता येईल.