हवा कमी करण्याविषयी थोडेसे

नम्रता हा मोठा गुण आहे असे आपल्याला लहानपणापासून सांगत आले आहेत. पण काम अडले की नरम येणारा आणि काम झाले की पुन्हा ताठ होणारा माणूस नम्र म्हणायचा की नुसता हुशार, याचा खुलासा कुणी केलेला नाही. हा प्रश्न मला कुठल्या ग्रंथाने घातला नाही. एका जुन्या जीपने घातला, आणि तोही धामणगाव बढ्याच्या नाल्यात, भर वैशाखात.

१९८३ साली मी लिलावातून ही जीप घेतली. महिंद्राची, उंच बॉनेटची. या कंपनीचा एक किस्सा मला फार आवडतो. १९४५ साली ती निघाली तेव्हा नाव होते 'महिंद्र अँड महंमद'. फाळणीनंतर भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, १९५१ साली तिथले गव्हर्नर जनरलही झाले. इकडे १९४८ साली नाव बदलून 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. माणूस गेला, पण आद्याक्षरे जागच्या जागी राहिली! वाटणीतला इतका समजूतदारपणा आमच्या घराण्यात कुणी दाखवला नाही. आम्ही हातभर धुऱ्यावरून १९७४ पासून थोरल्या चुलतभावाशी, म्हणजे दादांशी, बोलत नव्हतो.

असो. तर फोर व्हील ड्राइव्हची गाडी फसत नाही, असा एक समज आहे. तो खोटा आहे. साधी गाडी वाळूच्या काठाशीच फसते, ही मधोमध जाऊन फसते, एवढाच फरक. मी पुढच्या चाकांचा दांडा टाकला, लो गिअरचा टाकला आणि शिरलो. निम्म्यात चाके फिरू लागली. अशा वेळी पाय काढून घ्यायचा असतो. मी दाबला. या गाड्यांची एक खोड अशी, की एका बाजूचे चाक मोकळे सुटले की सगळी फिरकी त्यालाच मिळते आणि जमिनीला धरून असलेले चाक गप्प उभे राहते. (कचेरीत नोकरी केलेल्यांना हे अधिक समजावून सांगायला नको.) दोन मिनिटांत जीप पोटावर बसली.

मलकापूरच्या मिस्त्रीने बजावले होते, "साहेब, वाळूत शिरायच्या आधी टायरची हवा काढा. अठ्ठावीस पौंडांची पंधरावर आणा." हवा कमी केली की टायर पसरतो, उंटाच्या पावलासारखा वाळूवर टेकतो, तिला खणत नाही. हे काही मिस्त्रीचे गुपित नव्हे. बॅग्नोल्ड नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने लिबियाच्या वाळवंटात फोर्ड गाड्या याच युक्तीने हाकल्या. १९४० साली त्याने उभारलेल्या तुकडीच्या बऱ्याच ट्रकना तर फक्त मागच्या चाकांचीच ओढ होती. रुतले की चाकाखाली लोखंडी पन्हाळी सारायची आणि पुढे जायचे. मला हे सगळे ठाऊक होते. पण काठावर पाचसहा माणसे बसली होती, त्यांच्यादेखत उतरून हवा काढायची म्हणजे... आता तीच माणसे माझी हवा टाइट झालेली पाहत होती.

आणि नाल्यात बैलजोडी होती ती नेमकी दादांची.

नऊ वर्षांत जो शब्द तोंडातून निघाला नव्हता तो निघाला. "दादा, जरा बैल देता का?"

दादा जवळ आले. चाकांकडे पाहिले. "काहून रे, फसली?" मग बाभळीचा काटा घेऊन खाली बसले आणि व्हॉल्व्हची पिन दाबली. "आधी याची हवा कमी कर. बैलाईचा जीव काहून घेतं?"

पोटाखालची वाळू उपसली, बैल जुंपले, आणि जीप निमूटपणे पलीकडे गेली.

आता खरी पंचाईत. पलीकडे पक्की सडक. कमी हवेवर सडकेने गेले तर टायर तापून कामातून जातात, म्हणून हवा पुन्हा भरणे भाग. हातपंपाने चार टायर! दादा गेले नाहीत. एक टायर मी, एक त्यांनी, असे आळीपाळीने भरत होतो, आणि मला सारखे वाटत होते, की मघाशी मी 'दादा' म्हणालो ते दादांना, की बैलांना? फसलो नसतो तर म्हणालो असतो? नसतोच. मग ती नम्रता कसली, ती तर पंधरा पौंडांची युक्ती! पण दादांचे काय? त्यांचे कुठे काही अडले होते? तिसऱ्या टायराला त्यांनी धुऱ्याचा विषय काढला. मी पंपाचा जोर वाढवला. चौथ्याला मीच काढला.

संध्याकाळी परतताना नाला पुन्हा आडवा आला. या खेपेला काठावरच उतरलो, चारही चाकांची हवा कमी केली आणि दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकला पाय न लावता, सरळ पार झालो. दादा बैल सोडून घराकडे निघाले होते. त्यांना हाक मारायचे आता काहीच कारण नव्हते.

मारली.